साठीनंतर ट्रॅक्टर-ट्रॉली चालवताना: खान्देशातल्या ज्येष्ठ शेतकऱ्यांसाठी सविस्तर मार्गदर्शन

पोरं सुरतला, पुण्याला, नाशिकला कामाला. गावी शेती, गुरं आणि ट्रॅक्टर आप्पांच्या जिवावर. चोपडा, यावल, पारोळा, शिरपूर, शहादा, कोणत्याही तालुक्याच्या रस्त्यावर सकाळी उभं राहिलं की ट्रॉली ओढत येणाऱ्या ट्रॅक्टरवर पांढरी टोपी दिसतेच. यात वावगं काही नाही. ज्याने चाळीस पावसाळे काळ्या रानात काढले त्याला बांध कुठे खचतो, नाल्याचं पाणी किती वेळात ओसरतं, कापसाची ट्रॉली कोणत्या वळणावर झुकते हे विशीतल्या पोरापेक्षा जास्त कळतं.

वयाबरोबर कसब टिकतं, चपळाई मात्र कमी होते. समोर काही आडवं आलं की ते दिसणं, कळणं आणि पाय ब्रेकवर पडणं या तिन्हीला थोडा थोडा वेळ जास्त लागतो. ताशी २५ किलोमीटर वेगाने ट्रॅक्टर सेकंदाला जवळजवळ ७ मीटर जातो. पाय दीड सेकंदात ब्रेकवर गेला तर तोवर साडेदहा मीटर गेलेले असतात. अडीच सेकंद लागले तर साडेसतरा. मधले ७ मीटर म्हणजे जवळजवळ दोन ट्रॉल्यांची लांबी, आणि ब्रेक लागायला अजून सुरुवातही झालेली नसते. हाच वेग १५ वर आणला तर अडीच सेकंदांतही साडेदहा मीटरच जातात. पुढचं सगळं याच हिशेबावर उभं आहे: हातून निसटलेला सेकंद वेगातून, अंतरातून, उजेडातून आणि आधीच्या तयारीतून परत मिळवायचा.

हे एकदा करून भागत नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदार ठरतो, नव्या सालाचा हिशेब मांडला जातो. तोच दिवस चालवणाऱ्याच्या आणि ट्रॅक्टरच्या वार्षिक तपासणीचा धरा. दुसरी, छोटी तपासणी दसऱ्याच्या आसपास, कापसाची वाहतूक सुरू होण्याआधी.

डोळे, मान आणि पाय

साठीच्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या डोळ्याच्या साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोचतो. बाहुली लहान झालेली असते, आतलं भिंग पिवळट झालेलं असतं. म्हणून घरातल्या तरुणाला ‘अजून चांगलं दिसतंय’ वाटतं त्या वेळी वडिलांसाठी अंधार पडलेला असतो. घरच्या घरी चाचणी अशी: भर दिवसा २० मीटर अंतर टेपने मोजा आणि उभ्या गाडीची नंबर प्लेट वाचा. आधी चष्म्यासह दोन्ही डोळ्यांनी, मग एकेक डोळा हाताने झाकून. एका डोळ्याने वाचता येत नसेल तर दुसरा चांगला आहे म्हणून सोडून देऊ नका. अंतराचा अंदाज दोन्ही डोळे मिळून देतात. बांधाला चाक किती जवळ आलं हे कळण्यात तिथेच चूक होते.

समोरच्या गाडीच्या लाइटभोवती कडं दिसत असेल, लाइट फुटल्यासारखा वाटत असेल तर मोतीबिंदूची शक्यता धरा. त्यावर शस्त्रक्रिया आहे आणि नंतर फरक मोठा पडतो. मात्र टाके नाहीत म्हणून आठवड्यात ट्रॅक्टरवर चढायचं नाही. रानातली धूळ डोळ्यात गेली तर जंतुसंसर्ग होऊ शकतो, आणि नवा नंबर स्थिर व्हायला वेळ लागतो. डॉक्टरांनी तपासून हो म्हटल्यावरच सुरुवात करा. काचबिंदू जास्त फसवा. त्यात दुखत नाही, समोरचं वाचताही येतं, पण कडेचं दिसणं हळूहळू जातं. बाजूच्या पायवाटेने येणारी मोटारसायकल ‘अचानक’ समोर येऊ लागली की डोळ्याचा दाब तपासून घ्या. साठीनंतर तो वर्षातून एकदा तपासावाच.

दुहेरी काचेचा चष्मा असेल तर आणखी एक गोष्ट. खालच्या, वाचायच्या काचेतून ट्रॅक्टरची पायरी पुसट आणि जरा वेगळ्या जागी दिसते. उतरताना पाय चुकतो तो इथेच. ट्रॅक्टरसाठी फक्त लांबचा नंबर असलेला वेगळा चष्मा करा, आणि तो ट्रॅक्टरच्या चावीबरोबर एकाच ठिकाणी ठेवा.

मानेसाठी: ट्रॅक्टर बंद, हँडब्रेक लावलेला, सीटवर नेहमीसारखं बसा. पाठ थोडीच वळवून मागची हूक दोन्ही बाजूंनी दिसते का? दिसत नसेल तर एकट्याने ट्रॉली मागे घेणं आजपासून बंद.

पायांसाठी दोन चाचण्या. हात छातीवर बांधून, बिनहाताच्या खुर्चीवरून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून परत बसता येतं ते मोजा. पासष्ट ते चौऱ्याहत्तर वयाच्या पुरुषाला १२ पेक्षा कमी वेळा जमत असेल तर मांड्यांची ताकद कमी झाली आहे. अशा पायाला दिवसभरात शंभरदा क्लच दाबणं झेपत नाही. संध्याकाळी तो अर्धाच दाबला जातो आणि गिअर खरखरतो. दुसरी चाचणी मधुमेहींनी न चुकता करावी. इंजिन बंद ठेवून डोळे मिटा. शेजारी उभा असलेला माणूस ‘क्लच’, ‘ब्रेक’, ‘रेस’ असं उलटसुलट क्रमाने दहा वेळा म्हणेल, तुम्ही नुसत्या पायाने पेडल शोधायचं. एकदाही चुकलात किंवा पाय नेमका कशावर आहे हे कळलं नाही, तर तळपायाची संवेदना डॉक्टरांकडून तपासून घ्या. तळव्याला कळत नसलेला पाय ब्रेकच्या कडेवरून घसरतो, आणि घसरल्याचं लक्षात येईपर्यंत उशीर झालेला असतो.

ट्रॅक्टरवर चप्पल नकोच. ती पेडलखाली अडकते. मागून पट्टा असलेली, पातळ पण कडक तळव्याची पादत्राणं घाला. जाड गमबूटमध्ये पेडल जाणवत नाही.

गोळ्या आणि साखर

या भागाकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं, म्हणून इथे जरा थांबून वाचा.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड अशा गोळ्या घेणाऱ्याची साखर एकदम उतरू शकते. ७० च्या खाली गेली की हात थरथरतात, घाम येतो, विचार अडखळतो. मे महिन्यात घाम तसाही येतो, त्यामुळे लक्षण ओळखता येत नाही. ट्रॅक्टर सुरू करण्याआधी बोटातून साखर तपासा. ९० च्या खाली असेल तर आधी खा, मग चावी फिरवा. दर दोन तासांनी पुन्हा तपासा. शर्टाच्या खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवा. डब्याच्या पिशवीत ठेवलेलं ऐनवेळी हाती लागत नाही. साखर उतरलीच तर ट्रॅक्टर बंद, चावी काढा, साखर खा, आणि आकडा पूर्ववत झाल्यावरही पाऊण तास थांबा. अंगातला थरकाप थांबला तरी डोकं ताळ्यावर यायला तेवढा वेळ लागतो.

पायाच्या मुंग्यांसाठी दिलेली प्रीगॅबालिन किंवा गॅबापेंटिन झोप आणते. सर्दी-खाजेची सेट्रिझिन, त्याहून जास्त क्लोरफेनिरामाइन, दुखण्याची ट्रामाडॉल, झोपेची अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम, यांचा असर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत राहू शकतो. लघवीच्या तक्रारीवरची टॅम्सुलोसिन आणि बीपीच्या काही गोळ्या उभं राहताना चक्कर आणतात. ट्रॅक्टरवरून उतरणं म्हणजे नेमकं तेच: दोन तास बसून एकदम उभं राहणं. इंजिन बंद केल्यावर सीटवर बसूनच एक मिनिट पाय हलवा, मग उतरा.

कोणतीही गोळी आपल्या मनाने बंद करू नका. सगळ्या पाकिटांची पिशवी घेऊन डॉक्टरांकडे जा आणि स्पष्ट विचारा: ‘मी ट्रॅक्टर चालवतो. यातली कोणती गोळी रात्री घेता येईल, कोणती बदलता येईल?’ ट्रॅक्टरचं सांगितलं नाही तर डॉक्टरांच्या ते डोक्यातही येत नाही. नवी गोळी सुरू झाली किंवा प्रमाण वाढलं की पहिले काही दिवस जड काम आणि रस्ता टाळा.

फिट येणं, भान हरपणं, तोंड किंवा हात क्षणभर वाकडा होऊन परत बरा होणं, यातलं एकदाही झालं तर त्या क्षणापासून ट्रॅक्टर बंद. पुन्हा केव्हा चालवायचा हे डॉक्टर ठरवतील.

कान

ट्रॅक्टरजवळचा आवाज नव्वद डेसिबलच्या घरात सहज जातो, आणि रोज आठ तास ८५ च्या वरचा आवाज कान खातो. कापसाच्या मुलखात कानात कापसाचा बोळा घालायची सवय आहे. त्याने आवाज फारसा अडत नाही. औषधाच्या दुकानात मिळणारे फोमचे प्लग किंवा कानावर बसणारे मफ वापरा, पण रानातच. रस्त्यावर ते काढून ठेवा आणि ‘मागून हॉर्न ऐकू येईल’ या भरवशावर राहू नका. तिथे आरसेच कान.

चढणं, बसणं, सुरू करणं

ट्रॅक्टरवरून पडण्याची वेळ बहुतेकदा तो उभा असतानाच येते. चढताना आणि उतरताना तोंड ट्रॅक्टरकडे, आणि दोन हात व दोन पाय यांपैकी तीन नेहमी टेकलेले. उडी नाही. पहिली पायरी जमिनीपासून अर्ध्या मीटरच्या आसपास असते, गुडघेदुखीच्या माणसाला ती फार उंच. गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून जमिनीपासून २५ ते ३० सेंटीमीटरवर येईल अशी एक जादा पायरी लावून घ्या. पत्रा उठावाच्या नक्षीचा हवा. गुळगुळीत पत्र्यावर ओला पाय घसरतो. ही पायरी सरीत ढेकळांना घासते म्हणून ती घडीची किंवा साखळीवर लोंबणारी करा. मडगार्डला उभी पाइपची मूठ लावली की ओढून चढायला स्टिअरिंग धरावं लागत नाही.

सीट अशी ठेवा की क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा जरा वाकलेला राहील आणि कंबर सीटवरून सुटणार नाही. सीटच्या स्प्रिंगचा वजनाचा नॉब असेल तर तो आपल्या वजनावर लावा. बहुतेक ट्रॅक्टरवर तो पहिल्या दिवसापासून जसाच्या तसा असतो आणि कंबरेचं दुखणं वर्षानुवर्षं ‘वयाचं’ समजलं जातं. क्लचची मोकळी चाल साधारण २० ते ३० मिलिमीटर, नेमका आकडा कंपनीच्या पुस्तकात. जुन्या ट्रॅक्टरला पॉवर स्टिअरिंग नसेल आणि खांदे दुखत असतील तर ते बसवून घ्या. खर्च करायचाच तर टेप, हॉर्न, झालरीच्या आधी यावर करा.

एक सवय मात्र आजच मोडा. सेल्फ खराब झाला की खाली उभं राहून पान्याने तारा जोडून ट्रॅक्टर सुरू करायचा. ट्रॅक्टर गिअरमध्ये राहिला असेल तर तो जागेवरून निघतो, आणि मागचं मोठं चाक उभ्या माणसाच्या अंगावरून जातं. तरुण कदाचित बाजूला उडी मारेल. पासष्टीत ती उडी नाही. सुरू करणं सीटवर बसूनच, न्यूट्रल तपासून, क्लच दाबून.

ब्रेक आणि हूक

४५ एचपीचा ट्रॅक्टर साधारण दोन टनांचा. त्यामागे पाच टन ऊस किंवा केळीची ट्रॉली, आणि बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नाही. म्हणजे दोन टनांच्या ब्रेकने सात टन थांबवायचे. ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या अपघातांचं मूळ शोधत गेलं की बऱ्याचदा इथेच येऊन पोचतं.

ट्रॅक्टरला उजव्या आणि डाव्या चाकाचे ब्रेक वेगळे, आणि दोन्ही पेडल जोडणारी खिट्टी. रानात वळायला ती उघडतात. उघडी खिट्टी घेऊन रस्त्यावर आलं आणि घाईत एकच पेडल दाबलं गेलं तर ट्रॅक्टर त्या बाजूला गर्रकन फिरतो, मागून ट्रॉली ढकलते. खिट्टीला लाल रंग लावा. शेताच्या बाहेर पडताना, पहिलं चाक रस्त्याला लागण्याआधी ती बसवा. दर वेळी त्याच जागी, म्हणजे विसर पडत नाही. कायम एकाच बाजूला वळणाऱ्याचा एक ब्रेक जास्त झिजतो. तपासायला सपाट, कोरडा, मोकळा रस्ता घ्या: ट्रॉली सोडलेली, खिट्टी लावलेली, वेग ताशी १० च्या आसपास, दोन्ही पेडल एकदम दाबा. ट्रॅक्टर एका बाजूला ओढला तर ट्रॉली जोडण्याआधी मिस्त्रीकडे. दर पंधरवड्याला हे करायला पाच मिनिटं लागतात.

ट्रॉली बनवणाऱ्याकडून ट्रॅक्टरच्या ब्रेकबरोबर लागणारा ब्रेक ट्रॉलीला बसवून घेता येतो. आमच्या मते साठीनंतर हा खर्च सगळ्यात आधी करावा. तो होईपर्यंत माल निम्मा आणि वेग १५ च्या आत.

उतारावर गिअर उतार सुरू होण्याआधीच टाका. ज्या गिअरमध्ये तो चढ चढला असता त्याच गिअरमध्ये उतरायचं. मध्ये क्लच दाबायचा नाही, कारण क्लच दाबला की इंजिनची अडवणूक संपते. डिझेल वाचवायला न्यूट्रलवर सोडणं तर नकोच. घाबरून जोरात ब्रेक मारला की मागची चाकं अडकून घसरतात, त्यांची बाजूची पकड सुटते आणि ट्रॉली ट्रॅक्टरला कात्रीसारखी दुमडून आडवी करते. धुळ्याजवळचा लळिंग घाट, साक्री-नवापूर मार्गावरचा कोंडाईबारी, चाळीसगाव-कन्नडचा घाट, सातपुड्यात तोरणमाळ आणि चांदसैली: या रस्त्यांवर भरलेली, बिनब्रेकची ट्रॉली ज्येष्ठांनी नेऊच नये. भाड्याचा टेम्पो करा.

हूक नेहमी ड्रॉबारला, म्हणजे ट्रॅक्टरमागच्या ओढायच्या पट्टीला, मागच्या एक्सलच्या मध्यापेक्षा खाली. टॉपलिंकच्या (अवजाराच्या वरच्या दांड्याच्या) जागी किंवा एक्सलला साखळी बांधून ओढलं तर ओढीच्या जोराने ट्रॅक्टरचं तोंड वर उठतं. पिन योग्य जाडीची, तिला खालून क्लिप, आणि सोबत सुरक्षा साखळी. पिनऐवजी सळईचा तुकडा किंवा बोल्ट घातलेला दिसला की काम थांबवा. दोन चाकी ट्रॉलीत माल चाकांच्या किंचित पुढे जास्त असू द्या. मागे जास्त भरला तर ट्रॉली हूक वर उचलते, मागच्या चाकांवरचं वजन कमी होतं आणि ब्रेक निकामी झाल्यासारखे वागतात. रोटाव्हेटर किंवा पल्टी नांगर उचलल्यावर स्टिअरिंग हलकं लागत असेल तर पुढे वजनं लावा. एकूण वजनाच्या किमान पाचवा हिस्सा पुढच्या चाकांवर राहिला पाहिजे.

मागे घेताना स्टिअरिंग खालच्या बाजूने एका हाताने धरा. हात ज्या बाजूला जाईल त्या बाजूला ट्रॉलीचं मागचं टोक जातं, डोक्यात उलटसुलट हिशेब करावा लागत नाही. खाली एक माणूस उभा हवा, आरशात दिसेल अशा जागी. तो दिसेनासा झाला की लगेच थांबा. खुणा आधी ठरवा: हात वर म्हणजे थांबा, बाकी बोलणं नाही, इंजिनच्या आवाजात ‘हो’ आणि ‘हो हो’ सारखंच ऐकू येतं.

रानात: चिखल, विहीर, शाफ्ट

काळ्या मातीत पाऊस पडून गेला की वापसा येईपर्यंत, म्हणजे माती कामापुरती सुकेपर्यंत, ट्रॅक्टर बांधाबाहेर ठेवा. घाईने घातला आणि रुतला, तर पुढची चूक जिवावर बेतते. चाकं फिरायची थांबली आणि तरी रेस दिली की इंजिनचा जोर जायला जागा राहत नाही. चाक फिरत नाही म्हणून ट्रॅक्टरच एक्सलभोवती मागे फिरतो. तोंड उचलल्यापासून परत फिरता न येण्याच्या बिंदूपर्यंत पाऊण सेकंदाच्या आसपास वेळ मिळतो. तो कोणत्याही वयाच्या माणसाला पुरत नाही. चाकाला लाकडाचा ओंडका बांधून बाहेर काढण्याची युक्ती अजून अनेक गावांत चालते. त्यात चाक अडकतं आणि हेच घडतं. ट्रॉली सोडा, माल उतरवा, चाकामागची माती खोदा आणि रिव्हर्समध्ये बाहेर या. नाही निघाला तर दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढा, तिथेही बांधायचं ड्रॉबारलाच, आणि तारेच्या रेषेत कोणी उभं राहायचं नाही.

नाला, पाटचारी यांच्या काठापासून त्यांची खोली जेवढी तेवढं अंतर ठेवा: दोन मीटर खोल चारी असेल तर चाक दोन मीटर आत. पावसाळ्यात त्याहून जास्त. कठड्याविना असलेल्या विहिरीला हा हिशेब लागू करता येत नाही, म्हणून तिच्याभोवती ५ मीटरवर दगड मांडून चुना लावा आणि त्या रेघेच्या आत ट्रॅक्टर न्यायचा नाही. तेवढी जागा पडीक राहिली तर राहू द्या.

ट्रॅक्टरला मजबूत लोखंडी सुरक्षा चौकट असेल तरच सीटबेल्ट लावा. मग तो लावलाच पाहिजे. चौकट नसेल तर बेल्ट नको, कारण उलटलेल्या ट्रॅक्टरखाली तो माणसाला बांधून ठेवतो. उन्हासाठी लावलेलं छत म्हणजे सुरक्षा चौकट नव्हे. उलटताना ते चेपतं.

पीटीओचा शाफ्ट, म्हणजे इंजिनच्या जोरावर मळणी यंत्रासारखं अवजार फिरवणारा मागचा दांडा, मिनिटाला ५४० फेरे, म्हणजे सेकंदाला ९ फेरे घेतो. सात सेंटीमीटर जाडीच्या शाफ्टवर एका सेकंदात जवळजवळ दोन मीटर कापड गुंडाळलं जातं. धोतराचा सोगा, गळ्यातला टॉवेल किंवा उपरणं अडकलं तर सोडवायला वेळच नसतो. मळणी यंत्रावर पँट आणि घट्ट बाह्यांचा शर्ट. टॉवेल डोक्याला बांधला असेल तर टोकं आत खोचलेली. शाफ्टवरचं प्लास्टिकचं कवच फुटलं असेल तर नवं आणा. चालू शाफ्ट ओलांडून जायचं नाही, वळसा घाला.

महामार्गावर आणि अंधारात

सुरत-नागपूर महामार्ग क्रमांक ५३ नवापूर, साक्री, धुळे, पारोळा, एरंडोल, जळगाव, भुसावळ असा आपल्या भागातून पूर्व-पश्चिम जातो. संध्याकाळी जळगावहून पारोळ्याकडे येताना सूर्य नेमका डोळ्यांत, सकाळी उलट दिशेने जातानाही तसाच. वयस्क डोळा चकाकीतून सावरायला जास्त वेळ घेतो. म्हणून सकाळी ऊन वर आल्यावर निघा आणि मावळतीच्या तासभर आधी परत या. कापसाच्या हंगामात, नोव्हेंबर-डिसेंबरात, सूर्य पावणेसहाच्या आसपास मावळतो. जिनिंगवर रांग लांबली तर रात्री परतायचा हट्ट नको; ट्रॉली तिथेच ठेवून मुक्काम करा, नाहीतर घरून दुसऱ्या चालकाला बोलवा.

चौपदरी रस्त्याची एकच बाजू ओलांडण्याचा हिशेब करून पाहा. ट्रॅक्टर आणि ट्रॉली मिळून ८-९ मीटर, दोन लेन आणि कडेची पट्टी मिळून १० मीटर. उभ्यावरून निघून ताशी ५ किलोमीटरने ते १९ मीटर पार करायला १३-१४ सेकंद लागतात. ताशी ८० ने येणारी कार तेवढ्यात ३०० मीटर येते. म्हणजे जवळच्या बाजूला ३०० मीटर रस्ता रिकामा दिसल्याशिवाय निघायचं नाही, आणि पलीकडची बाजूही त्याच दमात ओलांडायची असेल तर तिथे त्याहून जास्त. वळण किंवा चढ असेल तर तेवढं दिसतच नाही. भुयारी मार्गापर्यंत दोन किलोमीटर जास्त गेलेलं परवडतं. दुभाजकातला जवळचा कट गाठायला उलट्या बाजूने चालवणं कोणत्याच कारणाने नको.

ट्रॉलीला मागे लाल, बाजूंना पिवळी आणि पुढे पांढरी परावर्तक पट्टी लावा, मागे चालू स्थितीतले लाल दिवे. कापसाचा फुगवटा आणि उसाची वाढं दिव्यांवर येतात, म्हणून माल भरून झाल्यावर मागे जाऊन पाहायचं. पट्ट्यांवरचा चिखल फडक्याने पुसा. बंद पडलेली ट्रॉली अंधारात रस्त्यावर सोडणं हा दुसऱ्याच्या जिवाशी खेळ. रस्त्याच्या खाली घ्या, चाकांना ठोकळे लावा, मागे त्रिकोण ठेवा. ट्रॉली काढताना चाकाला लावलेले ठोकळे-दगड रस्त्यात सोडू नका.

ट्रॉलीत माणसं नकोत. चैत्रात सप्तशृंगगडाला, लग्नाच्या वऱ्हाडाला, ‘नानांचा हात सावध आहे’ म्हणून ज्येष्ठांनाच चालवायला सांगितलं जातं. ती ट्रॉली मालासाठी आहे, विमाही आत बसलेल्या माणसांना संरक्षण देत नाही, आणि बिनब्रेकच्या गाडीत तीस जीव बसवून सावध हाताने फार काही होत नाही. नम्रपणे नाही म्हणा.

ऊन

एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ च्या पुढे जातो, त्यात इंजिनची धग. रानातलं काम सकाळी सहा ते साडेदहा, मग थेट संध्याकाळी, उजेड असेपर्यंत. तहान वयाबरोबर कमी जाणवते, म्हणून घड्याळ पाहून दर वीस मिनिटांनी पेलाभर पाणी. बीपीसाठी पाण्याची (लघवी वाढवणारी) गोळी असेल किंवा हृदय-मूत्रपिंडाचा त्रास असेल तर किती पाणी आणि मीठ चालेल ते डॉक्टरांना आधी विचारा. घाम यायचा थांबला, डोकं जड झालं, बोलणं अडखळलं तर सावलीत आडवं करून अंगावर पाणी आणि १०८ ला फोन. हिवाळ्यात भरीत-भाकरीच्या जेवणानंतरची दुपारही सुस्तीची असते. तासभर पडून मगच चढा.

फोन शर्टाच्या बटणाच्या खिशात ठेवा. पेटीत ठेवलेला फोन खाली पडलेल्या माणसाच्या हाती लागत नाही. निघताना घरी तीन गोष्टी सांगा: कोणतं शेत, कोणता रस्ता, किती वाजता परत. ठरल्या वेळेनंतर अर्ध्या तासात कोणीतरी बघायला निघेल, एवढं नक्की करा. अपघात झाल्यास ११२ आणि १०८.

लायसन्स आणि कागदं

लायसन्सवरची तारीख आज बघा. पंचावन्ननंतर काढलेलं किंवा नूतनीकरण केलेलं खासगी लायसन्स पाच-पाच वर्षांचं असतं. मुदत संपल्यावर ते त्याच दिवसापासून चालत नाही. २०१९ च्या कायदादुरुस्तीने पूर्वीची तीस दिवसांची सवलत काढली. नूतनीकरणाचा अर्ज मुदतीच्या वर्षभर आधीपासून करता येतो, मुदत संपून वर्ष उलटलं तर चाचणी पुन्हा द्यावी लागते. चाळिशीनंतर नमुना १-अ मधलं वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं. अर्ज ‘सारथी’ पोर्टलवरून करता येतो. हे प्रमाणपत्र नुसत्या सहीचं काम समजू नका, त्या निमित्ताने खरी तपासणी करून घ्या. ट्रॉलीची नोंदणी आणि विमा ट्रॅक्टरच्या कागदांत आहे असं गृहीत धरू नका, पॉलिसी उघडून वाचा.

कमी कसं करायचं

एका दिवशी चावी काढून घेतली की माणूस मनाने खचतो आणि बऱ्याच घरांत ती गुपचूप परत घेतली जाते. पायरीपायरीने उतरणं चांगलं. आधी रात्र सोडा. मग भरलेली ट्रॉली घेऊन महामार्ग. मग घाट आणि उताराची शेतं. मग मळणी यंत्र आणि शाफ्टची कामं. शेवटी उरतं ते घरापासून जवळच्या सपाट रानातलं वखरणं, पाळी घालणं, आणि ते अनेकांना पुष्कळ वर्षं करता येतं.

पुढची पायरी कधी घ्यायची हे वयाचा आकडा सांगत नाही, ट्रॅक्टर सांगतो. मडगार्डवर नवे ओरखडे, फाटकाच्या खांबाला लागलेली ट्रॉली, ओळखीच्या रस्त्यावर चुकलेलं वळण, खिट्टी लावायची राहिली, गिअर पुन्हा पुन्हा खरखरतो. असं काही दिसलं की तारीख घालून वहीत लिहा. तीन महिन्यांत तीन नोंदी झाल्या तर एक पायरी खाली.

मुलांनी आणि सुनांनी हे बोलणं चारचौघांत, पारावर किंवा पाहुण्यांसमोर काढू नये. घरात, निवांत वेळी, वही समोर ठेवून बोलावं. ‘आप्पा, तुम्हाला आता जमत नाही’ म्हटलं की पुढचं ऐकलं जात नाही. ‘आप्पा, रात्रीची ट्रॉली आता दुसरा चालक नेईल, वखरणी तुमच्याच हातची हवी’ म्हटलं की बोलणी पुढे सरकतात. आणि रात्रीच्या चालकाची सोय बोलण्याआधी झालेली हवी, भाड्यासकट. ती नसेल तर आप्पा रात्री पुन्हा ट्रॅक्टरवर बसतील, कारण माल तर पोचवावाच लागतो.